दुसरे गिऱ्हाईक कोण?



स्वागत समितीच्या वतीने पुण्यनगरीतल्या या परिषदेत आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. अवकाश म्हटले की श्रीहरिकोटा आणि बंगळूरू आठवतात. पण इस्रोच्या रॉकेट मोटारींची कवचे याच जिल्ह्यातल्या वालचंदनगरात घडली आणि रॉकेटची ‘विकास’ इंजिने मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात. खासगी उद्योग इथे नवा नाही. त्याचा खरेदीदार मात्र एकच होता, सरकार. म्हणूनच ‘सरकारी पैशाविना अवकाशात नफा होईल का’ हा परिषदेचा विषय आम्हां यजमानांच्या जिव्हाळ्याचा आहे.

इतिहास सावध करतो. इरिडियम या अमेरिकी कंपनीने पाच अब्ज डॉलरच्या घरात खर्चून उपग्रहांवर चालणारी फोनसेवा उभारली आणि १९९९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकली गेली आणि तगली ती अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटावर. स्पेसएक्सच्या फाल्कन-१ ची पहिली तीन उड्डाणे फसली, २००८ मध्ये चौथे साधले. पण कंपनी सावरली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाकडून मिळालेल्या १.६ अब्ज डॉलरच्या मालवाहतुकीच्या कंत्राटाने.

मात्र ते कंत्राट ठरलेल्या कामाचे ठरलेले दाम देणारे होते. खर्च वाचला तर लाभ कंपनीचा, वाढला तर तोटाही तिचाच. आज त्याच कंपनीच्या स्टारलिंक सेवेचे लाखो ग्राहक आपल्या खिशातून पैसे भरतात. सरकार पहिले गिऱ्हाईक असण्यात कमीपणा नाही. ते कायम एकमेव राहिले, तर तो धंदा नव्हे, ठेकेदारी.

आपल्याकडे २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. २०२२ मध्ये स्कायरूट या खासगी कंपनीचे, २०२४ मध्ये अग्निकुल या दुसरीचे रॉकेट श्रीहरिकोटाहून उडाले. उड्डाण जमले, आता हिशेब जमायला हवा. आमचा साखर कारखाना उसाच्या नोंदीसाठी उपग्रहचित्रे विकत घेईल काय? जहाज कंपनी, विमा कंपनी घेईल काय? या दोन दिवसांत प्रत्येक वक्त्याने आपले बिगरसरकारी गिऱ्हाईक नावानिशी सांगावे, एवढी यजमान म्हणून माझी मागणी आहे.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिल्यास सांभाळून घ्यावे. चर्चेत मात्र कोणी कोणाला सांभाळून घेऊ नये!