लोणारचे धन

(छत्रपती संभाजीनगर येथील उस्मानपुऱ्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पैशाला तोटा नाही आणि हवे ते उपकरण हाताशी आहे, अशा स्थितीत जीवशास्त्रज्ञाने कोणते संशोधन हाती घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नजर बहुधा अमेरिकेकडे वळते. उस्मानपुऱ्यातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी जेथे पोहोचतो, ते लोणार सहसा कोणाला आठवत नाही.

लवणासुराच्या वधाची कथा सांगणारे हे सरोवर उल्कापाताने घडलेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. त्याच्या खाऱ्या, तीव्र अल्कधर्मी पाण्यात सूक्ष्मजीव मात्र सुखाने नांदतात. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी 2010 साली येथील एका नव्या जीवाणूला ‘इंडिबॅक्टर’ असे देशाचेच नाव दिले. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखविले. पुढे पाऊस आला आणि रंग ओसरला. वर्षभर, दर आठवड्याला, प्रत्येक खोलीवरचे पाणी तपासणारी प्रयोगशाळा काठावरच असती, तर ही घटना पहिल्या दिवसापासून नोंदली गेली असती.

स्वप्नातील प्रकल्प हाच: काठावरची कायमची प्रयोगशाळा आणि सरोवरातील समग्र जनुकसंपदेची नोंद. बहुसंख्य सूक्ष्मजीव काचेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांची जनुके थेट पाण्यातूनच वाचावी लागतात. दुसरे काम तळाचा गाळ वाचण्याचे. आजवर सुमारे 11 हजार वर्षांचा गाळ अभ्यासला गेला आहे. विवराचे वय पूर्वी सुमारे 52 हजार वर्षे मानत. 2011 साली ते पावणेसहा लाखांच्या आसपास निघाले! वाचायचे किती उरले, याचा अंदाज यावा.

यात देशाचे हित काय? अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यात 1960च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना एक जीवाणू सापडला. त्याच्या विकरावर पीसीआर तंत्र उभे राहिले, 1993 चे नोबेल आले, स्वामित्वहक्कांचे कोट्यवधी डॉलरचे व्यवहार झाले. त्या राष्ट्रीय उद्यानाला त्यातून छदामही मिळाला नाही. हळदीचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द करविता आले, कारण हळदीचा उपयोग आपल्या ग्रंथांत नोंदलेला होता. लोणारच्या जीवाणूंची नोंद कोणत्या पोथीत आहे? 2002 चा जैवविविधता कायदा हाताशी आहे. पण ज्याची मोजदादच नाही, त्यावर हक्क सांगणार कसा?

गोडे पाणी आणि वस्तीचे सांडपाणी विवरात उतरले की पाण्याचा खारेपणा घटतो. केवळ अशाच पाण्यात जगणारे जीव मग नोंदीविनाच संपतील. तेव्हा अमर्याद निधीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दर ऋतूत घेतलेले पाणी गोठवून जपायला एक शीतपेटी, अखंड वीज आणि चिकाटीचे दोन विद्यार्थी पुरेत.