कात्री नेमकी, पण लावणीचं काय?

(भातशेतीत राबणाऱ्या बायकांच्या शिबिरातल्या भाषणाचा काही भाग)

मैत्रिणींनो, भाताचं नवं बियाणं येतंय म्हणतात, ते होतं कसं ते आधी पाहू.

रोपाच्या पेशीत त्याच्या गुणांचा लांबलचक मजकूर असतो. क्रिस्पर तंत्रात आरएनएचा एक तुकडा वाटाड्यासारखा नेमकी जागा शोधतो आणि कॅस-९ नावाचं विकर तिथेच काप घेतं. पेशी काप सांधते. सांधताना एखाददुसरं अक्षर गळतं आणि ते जनुक बंद पडतं. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी ही कात्री दाखवून दिली. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघींनाच मिळालं. टाळ्या वाजवायला हरकत नाही!

बीटी कपाशीत जिवाणूचं जनुक बाहेरून घातलं होतं. इथे तयार रोपात परकं जनुक उरत नाही, म्हणून अशा पिकांना मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने जनुकबदल पिकांच्या कडक मंजुरीतून सूट दिली. मे २०२५ मध्ये दोन भात जाहीर झाले. हैदराबादच्या संस्थेचा 'कमला' सांबा मसुरीपासून केलेला. लोंबीत दाणे जास्त, पीकही सुमारे वीस दिवस आधी तयार, असं संस्था सांगते. दिल्लीचा 'पुसा डीएसटी राईस १' दुष्काळात आणि खाऱ्या जमिनीत तग धरावा म्हणून केलेला. खारजमीन कसणारीने हे हसण्यावारी नेऊ नये.

कात्रीशी माझं भांडण नाही. कुठला गुण निवडायचा हे ठरवताना आपल्याला कोण विचारतं? २०२४ मध्ये दिल्लीच्याच संस्थेने तणनाशक सोसणारे दोन बासमती वाण शेतकऱ्यांसाठी आणले. ते जुन्या पद्धतीचे, रसायनाने बदल घडवून केलेले. पण तसलाच बदल आता कात्रीने थेट करता येतो. हे भात सरळ पेरायचं, वरून फवारायचं. म्हणजे लावणी गेली, बेणणीही गेली. दोन्ही कामं बायकांची! चिखलात वाकून कंबर मोडते, ती सुटली तर कुणाला नको? पण त्या दिवसांची मजुरीही सुटते, आणि फवाऱ्याचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो.

बियाणं राखायचा, देवघेवीचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलाय. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला शेतकरी कोण म्हणतं, ते तुम्हीच सांगा. तेव्हा गावात नव्या भाताचं प्रात्यक्षिक लागलं की बांधावर जाऊन विचारा: हा लावायचा की पेरायचा? बी घरी राखता येईल का? पेंढा गुरं खातील का? आणि पेज कशी होते?