समुद्राच्या भिंतीचे पैसे कोणी द्यायचे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



चवथीच्या दिवसांत, आरती-भजन आटोपल्यावर, एका निवृत्त अभियंत्याला तुम्ही बोलायला उभे केलेत. विषय हलका असावा अशी तुमची अपेक्षा असेल. पण गेले वर्षभर एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे आणि तो घरातूनच आला आहे.

माझे आजोळ पेडण्यातले, अगदी किनाऱ्यालगतचे. मामेभावाच्या घरापुढे माडांच्या तीन ओळी होत्या, आज एक उरली आहे. काही वर्षांपूर्वी शेजारी एक हॉटेल झाले. त्यांनी आपल्या आवारापुढे मोठमोठे दगड रचून भिंत घातली. त्यांचे आवार वाचले, पण भिंत जिथे संपते तिथून पुढची आमची वाळू भराभर जाऊ लागली. आता मामेभाऊ म्हणतो, "भाई, तू सरकारी खात्यात होतास. आमच्यापुढेही सरकारने भिंत घालावी, या अर्जावर तू सही कर." मी सही केलेली नाही. का केली नाही, ते सांगतो.

भिंत काय करते, हे आधी समजून घेऊ. उताराच्या वाळूवर लाट चढते, दमते आणि परत जाते. उभ्या भिंतीवर ती आपटते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. म्हणून भिंतीमागची जमीन राहते, पण पुढचा किनारा हळूहळू नाहीसा होतो. शिवाय भिंतीच्या टोकाला पाणी वळसा घालून शेजाऱ्याची जमीन कुरतडते. मग शेजाऱ्याला भिंत हवी, त्याच्या शेजाऱ्यालाही हवी. एका घराची भिंत ही अशी कधीच एका घराची राहत नाही.

देशाच्या सुमारे ६,९०७ किलोमीटर किनाऱ्याचा १९९० ते २०१८ या काळातील अभ्यास राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने केला. त्यातला ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता सबंध देशाला सुचवलेली रक्कम १,५०० कोटी रुपये आहे आणि तीत नदीकाठही आले. सगळ्यांना भिंत मिळणार नाही, हे उघड आहे. मग कोणाला, आणि कोणाच्या पैशाने?

गोमंतकीयांना हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. खारे पाणी अडवणारे बांध आणि मानशी गावकरीने शतकानुशतके सांभाळल्या. तिथला नियम साधा होता: ज्याचे शेत बांधामागे, त्याचा बांधाला हातभार. मानशीवरच्या मासेमारीची पावणी व्हायची, तेही उत्पन्न गावाच्या कामी यायचे. आणि बांध एकट्याच्या मर्जीने कोणी घालत नसे, कारण एकाचा बांध फुटला तर सगळ्यांची शेते खारट व्हायची. पैसा, हक्क आणि जबाबदारी एकत्र बांधलेली होती.

आता दूरचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ कोलारॉय येथे जून २०१६च्या वादळात समुद्राने बंगल्यांची अंगणे गिळली. एक पोहण्याचा तलाव तर उखडून वाळूत पडला. पुढे तिथे सुमारे सात मीटर उंचीची भिंत उभी राहिली. खर्चाचा ८० टक्के वाटा घरमालकांचा, दहा टक्के राज्याचा आणि दहा टक्के नगरपालिकेचा. तरीही स्थानिक लोक निषेधाला किनाऱ्यावर उतरले. त्यांचे म्हणणे असे की, पैसे तुम्ही दिलेत हे खरे, पण वाळू आमची सर्वांची गेली, तिचे काय?

याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या एका निकालात सापडते. हिमाचलात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाने स्वतःच्या बचावासाठी नदीचा प्रवाहच वळवण्याचा प्रयत्न केला होता. न्यायालयाने सांगितले की नदी, समुद्रकिनारा, वने या गोष्टी सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात, त्या खासगी सोयीसाठी देऊन टाकता येत नाहीत. झालेली हानी भरून देण्याची जबाबदारी न्यायालयाने हॉटेलवर टाकली.

यावरून मला चार गोष्टी सुचतात. रस्ता, स्मशानभूमी किंवा वस्तीतली विहीर वाचवायची असेल, तर खर्च सरकारचा. होडी आणि रापणीवर जगणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या कुटुंबांचा भारही समाजाने उचलावा, कारण ती हौसेने किनाऱ्यावर गेलेली नाहीत. पण १९९१मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आल्यानंतर, धोका ठाऊक असताना, ज्यांनी लाटांसमोर हॉटेले आणि सुट्टीचे बंगले बांधले, त्यांनी आपला खर्च आपण करावा आणि शेजाऱ्याच्या वाळूची भरपाईही द्यावी. चौथी गोष्ट: बंदराच्या लाटरोधक बांधामुळे किंवा वाळूउपशामुळे धूप झाली असेल, तर बिल त्या कामाच्या नावावर फाडावे.

"सामान्य माणसाने एवढा हिशेब कुठे मांडायचा?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून सबंध किनारपट्टीचा एकत्र आराखडा हवा. कुठे वाळू भरायची, कुठे वेली आणि झाडे लावून टेकाडे धरून ठेवायची, कुठे भिंत अटळ आहे आणि कुठे घरच मागे न्यायचे, हे त्यात ठरले पाहिजे. घर मागे नेण्यासाठी मदत देणे हे पुष्कळदा भिंतीपेक्षा शहाणपणाचे ठरेल.

यंदा चवथीला मामेभावाकडे गेलो, तेव्हा हेच त्याला सांगितले. तो रागावला. "तुझे घर शहरात आहे, तुला सांगायला काय जाते?" म्हणाला. त्याचे बोलणे मला लागले, कारण ते खोटे नाही. मी दुसरा अर्ज लिहून दिला आहे: हॉटेलच्या भिंतीची चौकशी व्हावी, झालेल्या धुपेचा खर्च त्यांच्याकडून घ्यावा आणि घर मागे न्यायची वेळ आलीच तर सरकारने मदत द्यावी. त्यावर माझी सही आहे. त्याची अजून झालेली नाही.

विसर्जनाला त्याच किनाऱ्यावर गेलो. भरती होती. मूर्ती घेऊन उभे राहण्यापुरतीही वाळू नव्हती; हॉटेलच्या दगडांवरून, एकमेकांचे हात धरून उतरावे लागले. मामेभावाने माझा हात धरला होता. बोलला मात्र काही नाही.

 गणपती बाप्पा मोरया!