भंगारवाल्याने नाकारलेली गाडी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

मी शिरूर अनंतपाळवरून बोलतोय. लातूर जिल्ह्यातला आमचा तालुका १९९९ साली झाला, त्यामुळे तालुका म्हणून आमचं वय माझ्यापेक्षा फार जास्त नाही. इथे सोयाबीन आहे, तूर आहे, थोडा ऊस आहे. आणि एका शेडमध्ये लाल रंगाची, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. हो, शिरूर अनंतपाळमध्ये. आजची गोष्ट तिचीच.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याची गंजी हलवायला गेलो होतो. कडब्यामागे एक ताडपत्री दिसली. मला वाटलं, ट्रॅक्टरचं काहीतरी असेल. उचलून बघतो तर सीटवर कोंबडी अंडी घालून बसलेली, आणि त्या सीटच्या पुढे गोल मीटर, छोटं स्टिअरिंग. अंगावर काटा आला. बोनेटवरचं नाव पुसून वाचलं : सॅन स्टॉर्म.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलंही नसेल. म्हणून थोडं सांगतो. ही गाडी गोव्यात बनायची. सॅन मोटर्स नावाच्या कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणली. डिझाइन फ्रान्सच्या ले मान्स ग्रुपचं, इंजिन रेनॉचं, १,१४९ सीसी, साधारण ६० अश्वशक्ती. आज ६० अश्वशक्ती ऐकून हसू येतं, कारण तेवढी ताकद साध्या हॅचबॅकलाही असते. पण हिची बॉडी फायबरची. गाडी हलकी, जमिनीला टेकलेली, वर टप नाही. साठचा वेगसुद्धा शंभरसारखा वाटतो. फार थोड्या विकल्या गेल्या. आपल्याकडे दोन सीटची गाडी म्हणजे 'बाकीच्यांनी कुठं बसायचं?' हा पहिला प्रश्न.

आता बघा, स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. पण आपल्या भागातसुद्धा हे वेड आहे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसीने २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली, तिलाही इंजिन रेनॉचंच होतं. आणि गाड्या बनवण्याचं स्वप्न तर त्याहून जुनं. प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. असो, परत शेडमध्ये येऊ.

गाडीचे मालक वारले होते. लातूरला राहायचे, हौशी माणूस. पुण्यातून ही गाडी सेकंडहँड घेऊन आले, दोन-तीन वर्षं चालवली, बंद पडली तेव्हा शेतात आणून ठेवली. मग ते गेले. त्यांच्या पत्नी, त्यांना आपण काकू म्हणू, मला म्हणाल्या, "घेऊन जा बाबा. भंगारवाला दोनदा येऊन गेला. म्हणाला, ह्यात लोखंड किती निघणार? फायबर कोण घेतंय?"

हे लक्षात ठेवा. लोखंडी बॉडी असती तर ही गाडी कधीच किलोच्या भावाने गेली असती. भंगारात किंमत नव्हती, म्हणूनच ती वाचली.

मी पंचेचाळीस हजार दिले. साठवलेले होते, सोबत थोडे आईकडून. ट्रॉलीवर टाकून घरी आणली. दादा, म्हणजे माझे वडील, अंगणात उभे. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ह्याच्यात खताचं एक पोतं तरी बसायलंय का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग काय करायलास रे हे?" आणि आत गेले. त्या वर्षी बोअर आटलेला होता. नवीन बोअर घ्यायचा की नाही यावर घरात रोज बोलणं चालू, आणि मी दारात कोंबड्यांनी घाण केलेली मोटार आणून उभी केली. त्यांचं चुकलं नव्हतं.

माझी चूक वेगळीच होती. मी आधी पैसे दिले आणि मग कागद बघितले. गाडी पुण्याच्या एमएच-१२ नंबरची, मालक हयात नाहीत, १५ वर्षांची नोंदणी कधीच संपलेली. मूळ मालकाच्या नावावरून मला थेट गाडी देता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, म्हणजे काकूंच्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि मुलांची संमती. मग विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. लातूरला, म्हणजे एमएच-२४ च्या हद्दीत आणायची तर पुण्याची एनओसी, फॉर्म २८. आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५, पण त्याआधी गाडी चालत्या अवस्थेत तपासणीला न्यावी लागते. माझ्या वेळी नूतनीकरणाची फी ५,००० होती, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी ती फी १०,००० केली. हे सगळं मला गाडी घेतल्यावर कळलं. काकूंचा धाकटा मुलगा सही द्यायला तयार नसता, तर माझ्या अंगणात एक महागडं खुराडं राहिलं असतं. आठ महिने मी त्या एका सहीची वाट बघितली. का, ते शेवटी सांगतो.

तोपर्यंत कामाला लागलो. आणि इथे पहिला नियम : वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी, नवीन बॅटरी लावून चावी फिरवायची नाही. मोह फार होतो. पण आत सिलिंडरला गंज असतो, पेट्रोलचं वार्निश झालेलं असतं. मी स्पार्क प्लग काढले, भोकांतून तेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग पाना लावून क्रँक हाताने फिरवायचा प्रयत्न. हलेना. परत तेल, परत वाट. बाराव्या दिवशी इंचभर सरकला. खरं सांगतो, दहावीच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता. (हसतो)

टाकी खाली करून धुतली. सगळे रबरी पेट्रोल पाईप बदलले. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, चांगली गोष्ट आहे, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. पाईप मऊ पडतात, चिरतात. गरम इंजिनवर पेट्रोल गळलं आणि बॉडी फायबरची, तर काय होईल सांगायला नको.

मग सुटे भाग. मी जिथे जाईन तिथे विचारायचो, "सॅन स्टॉर्मचा टायमिंग बेल्ट आहे का?" लोक म्हणायचे, कुठली गाडी? दोन महिने फुकट गेले. मग पुण्याच्या एका मेकॅनिकने फोनवर एक वाक्य सांगितलं : "गाडीचं नाव विसर, इंजिनचा नंबर शोध." इंजिनवर कोड होता, डी सेव्हन एफ. हेच इंजिन युरोपात रेनॉच्या ट्विंगोमध्ये, क्लिओमध्ये बसवायचे, आणि त्या गाड्या तिथे गल्लोगल्ली होत्या. बेल्ट, वॉटर पंप, गास्केट, सगळं मिळतं. बाहेरून मागवायचं, सीमाशुल्क भरायचं, पण मिळतं. जी गाडी इथे कुणालाच माहीत नाही, तिचं हृदय तिकडच्या अगदी साध्या गाडीचं निघालं.

फायबरचं काम कुणी केलं? लातूरजवळ फायबरचे पुतळे आणि कमानी करणारे एक कारागीर आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बोनेटवर बोटाने टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "इथून इथपर्यंत आत पोकळ झालंय." बरोबर निघालं. तडा वरून भरायचा नसतो. तो दोन्ही बाजूंनी घासून उतरता करायचा, मग काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिनचे थर. आपल्या उन्हात रेझिन झटपट घट्ट होतं, म्हणून ते पहाटे काम करायचे. हार्डनर थेंब मोजून.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. त्यावर मी रडलो, खोटं कशाला बोलू. आणि त्याच आठवड्यात पैसे संपले. एक जण म्हणाला, "हे इंजिन काढ, मारुतीचं टाक, निम्म्या पैशात गाडी रस्त्यावर." दुसरा म्हणाला, "आहे तशी दे, लाख देतो." तेव्हा सोयाबीनचा भाव पडलेला, लाख रुपयांत नवा बोअर झाला असता. मी दादांना सांगितलं, विकून टाकतो.

ते उठले, गाडीजवळ आले आणि विचारलं, "कुठं अडलंय?" म्हटलं, स्टार्टर फिरत नाही, नवीन महाग आहे. त्यांनी स्टार्टर काढायला लावला, पिशवीत घातला आणि आमच्या पाणबुडी मोटारी भरणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने उघडून दाखवलं : आतले कार्बन झिजलेले, बुश गेलेले. साडेसातशे रुपयांत स्टार्टर फिरला. तीस वर्षं मोटार जळली की दादा तिथेच जातात. मी व्हिडिओ बघून जे शिकत होतो, ते अर्धं घरातच होतं, मी विचारलंच नव्हतं. बोअरचं काय, विचारलं तर म्हणाले, "बोअर पुढच्या साली बघू. हे अर्धवट सोडलास तर दोन्हीकडून गेलास."

२०२४ च्या जानेवारीत इंजिन सुरू झालं. आणि आता माझी दुसरी चूक. ही ऐका, कारण ती जिवावर आली असती.

ब्रेकचे सिलिंडर मी नवे टाकले होते, पण पैसे वाचवायला एक जुना रबरी पाईप तसाच ठेवला. वरून ठीक दिसत होता. पहिल्या फेरीला दादा शेजारी बसले. पाणंदीने निघालो, वळणावर ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. पाईप फुटला होता. निम्मेच ब्रेक लागले. हँडब्रेक ओढला आणि गाडी सोयाबीनच्या भुसाच्या ढिगात घातली. दोघेही भुसाने माखलो. दादांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "किती वाचवलास पाईपात?" मी म्हटलं, नऊशे. त्यानंतर त्यांनी तो आकडा आजपर्यंत मला विसरू दिलेला नाही.

म्हणून तुमच्यातल्या कुणाला जुनी कार, बुलेट, आरएक्स काहीही उभं करायचं असेल, तर क्रम पाठ करा. आधी कागद. मग ब्रेक. मग इंधनाचे पाईप आणि वायरिंग. मग पाण्याची बाजू, म्हणजे रेडिएटर आणि पंप. मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. रीलमध्ये आपल्याला उलटं दिसतं, आधी चकचकीत रंग. आणि पैशाचा अंदाज काढाल, त्याच्या दुप्पट धरा. माझे दुप्पटीहून जास्त गेले. टप अजून गळतो. उजवी काच अजून हाताने वर ओढावी लागते.

आता ती सही. काकूंचा मुलगा आठ महिने का थांबला होता? त्याला वाटत होतं, मी गाडीचे भाग काढून विकणार. मी त्याला दर रविवारी एक फोटो पाठवायचो, त्या आठवड्यात जे केलं त्याचा. कधी नुसता एक घासलेला बोल्ट. बत्तिसाव्या फोटोनंतर त्याने कागद कुरिअर केले.

तपासणी झाली, नोंदणी झाली, तेव्हा पहिल्यांदा काकूंकडे गेलो. त्यांना बसवून लातूर रस्त्याला एक चक्कर मारली. मला वाटलं, त्या काही मोठं बोलतील. बराच वेळ गप्प होत्या. मग सीट चाचपून म्हणाल्या, "ह्यांनी मला एकदाच बसवलं होतं ह्यात. सीट तेव्हाही टोचायची." आणि थोड्या वेळाने, "अजून थोडं पुढं घे."

आम्ही पुढे गेलो. आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात ताडपत्रीखाली काय आहे, ते एकदा बघून या. पण पैसे काढायच्या आधी आरसी बुक मागा. भेटू पुढच्या भागात.