फ्रान्समध्ये वर्षभराचे बिऱ्हाड



परदेशी आठ-पंधरा दिवस हिंडून येणे निराळे आणि तेथे वर्षभर बिऱ्हाड थाटणे निराळे. प्रवाशाला पारपत्र, परतीचे तिकीट आणि खिशातले पैसे एवढ्यावर निभावून नेता येते. बिऱ्हाड करणाऱ्याला घर लागते, बँक लागते, दुखण्याखुपण्यात डॉक्टर लागतो आणि सकाळी पाव आणताना दुकानदाराशी चार शब्द बोलावे लागतात. शिक्षणासाठी, संशोधनासाठी वा नोकरीनिमित्त फ्रान्सला निघालेली मराठी माणसे पुण्या-मुंबईची असतात, तशीच इंदूर-बडोद्याचीही असतात. निघण्यापूर्वीची त्यांची धावपळ बहुधा बॅगेभोवती चाललेली दिसते. वास्तविक बॅग भरणे हे शेवटच्या आठवड्याचे काम. कागद जुळवणे हे तीन-चार महिने आधीचे. वर्ष हा काळ ऐकावयास मोठा. पण एखादा दाखला मागे राहिला, तर त्यातले दोन महिने हां हां म्हणता त्याच्या पायी खर्ची पडतात.

पहिला मान जन्मदाखल्याचा. तेथील आरोग्यविम्यात नाव नोंदवताना तो मागतात. तो मूळ स्वरूपात घ्यावा आणि राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपॉस्टिल’ हा प्रमाणशिक्का उमटवून घ्यावा. ज्या आंतरराष्ट्रीय करारान्वये हा शिक्का ग्राह्य ठरतो, त्यात भारत २००५ सालापासून सामील आहे. दाखला मराठी, हिंदी वा गुजराती असेल तर इंग्रजीसह द्वैभाषिक प्रत मिळवावी. इंग्रजीवरून फ्रेंच करणारे शपथबद्ध भाषांतरकार अधिक सहज भेटतात. विवाहित जोडप्याने विवाहाच्या दाखल्याचेही असेच करावे. आणखी एक बारकावा आहे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर नसते. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. फ्रेंच कचेरीच्या लेखी ही दोन भिन्न माणसे ठरू शकतात. तेव्हा सर्व कागदांवरील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळते आहे ना, हे पाहून घ्यावे.

वर्षभराच्या वास्तव्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्याचा जो प्रकार निवासपरवान्याचेही काम करतो, तो पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत शासनाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून वैध करून घ्यावा लागतो. हे राहून गेले, तर पारपत्रावर व्हिसा चिकटवलेला असूनही पुढचे वास्तव्य बेकायदा ठरते. पोहोचल्याच्या आठवड्यातच हे उरकावे.

घराचा प्रश्न सर्वांत अवघड. घरमालक बँकेचे खाते विचारतो आणि बँक राहण्याचा पत्ता विचारते. हा फेरा तोडण्याचा मार्ग म्हणजे पहिल्या काही आठवड्यांची तात्पुरती सोय येथूनच करणे आणि आश्रय देणाऱ्याकडून तसे लेखी घेणे. विद्यार्थ्यांसाठी सरकारी वसतिगृहे आहेत. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठ-नगरीत तर भारतीय निवासही आहे. खासगी घरासाठी कागदांची चळत, तेथील भाषेत ‘दोसिए’, सादर करावी लागते आणि जामीन लागतो. परक्या मुलखात जामीन कोण राहणार? अठरा ते तीस वर्षांच्या तरुणांना ‘व्हिझाल’ नावाची विनामूल्य हमी मिळू शकते. तिची चौकशी व्हिसा हाती येताच करावी. अनामत रक्कम सामानाविना घराला एका महिन्याच्या आणि सामानासह घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही. भाडेकरूला घराचा विमा सक्तीचा आहे. आणि घर पाहिल्यावाचून, करार हाती आल्यावाचून, केवळ छायाचित्रांवर भुलून कोणालाही पैसे पाठवू नयेत.

विद्यार्थी आणि नोकरदार यांना तेथील आरोग्यविम्यात लगेच नाव नोंदवता येते. परंतु नोंद पुरी होऊन कार्ड हाती येईपर्यंत दिवस जातात. मधल्या काळासाठी येथून विमा घेऊन जावा. नेहमीची औषधे फार तर तीन महिन्यांची, औषधाच्या मूळ नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावी. ११२ हा संकटकाळचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा.

भाषेची तयारी मात्र विकत मिळत नाही. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणणे हा तेथे शिष्टाचार नव्हे, प्रवेशाचे तिकीटच आहे. ते न म्हणता काही विचारणारा उद्धट ठरतो. त्याखालोखाल आकडे शिकावे. फ्रेंच माणूस सत्तरला ‘साठ-दहा’, ऐंशीला ‘चार-वीस’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’ म्हणतो. हसू नये, आपल्या आज्याही विसांच्या हिशेबाने ‘चार विसा’ मोजत असत. दूरध्वनीचा क्रमांक तेथे दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. आकडे कच्चे असतील तर घरमालकाचा क्रमांकही टिपून घेता यावयाचा नाही.

आता सामान. तूप, पेढे, खवा यांना युरोपच्या सीमेवर मज्जाव आहे. प्रवाशाला दुधाचे वा मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कढीपत्ताही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्यावाचून चालत नाही. गोडा मसाला खुशाल न्यावा. कुकर न्यावयाचा तर इंडक्शन शेगडीवर चालणारा न्यावा. साधा ॲल्युमिनियमचा तेथे निरुपयोगी ठरेल. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण आपली तीन दांड्यांची पिन तेथे बसत नाही. एक चांगला गरम कोट जवळ ठेवून बाकीचे कपडे जानेवारीच्या सवलतविक्रीत घ्यावे.

आणि जे मागे राहते, त्याचे काय? घराचे, बँकेचे व्यवहार पाहण्यासाठी विश्वासू माणसाच्या नावे मुख्त्यारपत्र करावे. येथील मोबाइल क्रमांक चालू ठेवावा, कारण बँकेचा सांकेतिक अंक त्यावरच येतो. वृद्ध आईवडिलांची औषधे, डॉक्टर, रात्री-अपरात्री धावून येणारा शेजारी, यांची यादी करून एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी व एक सोबत न्यावी. मनाची निश्चिंती ही देखील तयारीच.

हे सारे रुक्ष वाटेल. परंतु कागद, छप्पर आणि चार शब्द यांची बेगमी ज्याने आधी केली, त्याचेच वर्ष कचेऱ्यांच्या रांगांत न जाता ग्रंथालयांत, चित्रसंग्रहालयांत आणि माणसांत जाते. आणि परदेशी राहावयाचे ते त्यासाठीच.