फोन लागतो, आवाज मात्र येत नाही

(सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



फायरवॉल, पोर्ट हे शब्द ऐकल्याबरोबर इथे काही कपाळांना आठ्या पडल्या, त्या मला दिसल्या. ते काम संगणकवाल्याचं, आपण बायांच्या केसेस बघायच्या, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. पण कुठल्या बाईचा आवाज केंद्रापर्यंत पोचेल आणि कुठलीचा नाही, हे आज त्या कोपऱ्यातल्या डब्यात लिहिलेल्या चार ओळींवर ठरतं. मग ते आपलंच काम झालं की नाही?

व्हॉट्सॲपवरून किंवा सिग्नलवरून बोलणारी बाई हौसेनं तसं करत नाही. घरात तिच्या फोनची कॉलची यादी रोज तपासली जाते. ॲपवरचा कॉल फोन कंपनीच्या तपशिलात नंबरासकट उमटत नाही आणि ॲपमधली नोंद ती लगेच पुसू शकते. लग्न होऊन परदेशी गेलेल्या मुलीला तर तिथून १८१ लावायची सोयच नाही. तिला आपल्यापर्यंत यायला ॲप हाच रस्ता.

आता नेहमीची तक्रार घ्या. बाईचा मेसेज येतो. ती कॉल करते, घंटी वाजते, आपण उचलतो आणि पुढे शांतता. किंवा तिला आपलं ऐकू येतं, आपल्याला तिचं नाही. आपण केस पेपरवर लिहितो, ‘बाईने फोन बंद केला.’ घाबरली असेल, नवरा आला असेल, असा तर्कही करतो. बाईने काहीही केलेलं नसतं. आपल्याच कार्यालयाच्या फायरवॉलने तिचा आवाज अडवलेला असतो.

हे असं का होतं? इंटरनेटच्या प्रत्येक पत्त्याला पासष्ट हजारांवर क्रमांकित पोर्ट असतात. कुठल्या क्रमांकावरून जा-ये करू द्यायची, ते फायरवॉल ठरवते. मेसेज बहुधा टीसीपी पद्धतीने, पोर्ट ४४३ वरून जातो. बँकेच्या आणि वर्तमानपत्राच्या साइटही त्याच वाटेने येतात, म्हणून ती वाट कुणी बंद करत नाही. आवाज मात्र यूडीपी पद्धतीने जातो. या पद्धतीत पोच मिळायची वाट बघत नाहीत, कारण एक सेकंद उशिरा आलेल्या शब्दाचा बोलण्यात काही उपयोग नसतो. पुष्कळ कार्यालयांत ‘कर्मचारी चॅटिंग करत बसतात’ म्हणून यूडीपी सरसकट बंद असतं. (आपल्या केसवर्कला चॅटिंग म्हणणारे महाभाग आपण पाहिलेच आहेत.) काही ॲप अशा वेळी आवाजही ४४३ वरून ढकलून बघतात. तो तुटत तुटत येतो, म्हणून ‘कधी लागतो, कधी नाही’ असं वाटतं.

वहीत लिहून घ्यायचा क्रमांक यूडीपी ३४७८. दोन्हीकडचे फोन आपापल्या राउटरच्या आड असतात, त्यांना स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीत नसतो. तो ते एका सर्व्हरला विचारतात आणि मग थेट जोडले जातात. थेट जमलं नाही तर मधला सर्व्हर आवाज पोचवतो. हे विचारणं आणि पोचवणं बहुधा ३४७८ वरून चालतं. व्हॉट्सॲपला याशिवाय टीसीपी ५२२२ लागतो. गूगल मीटला यूडीपी १९३०२ ते १९३०९, झूमला ८८०१ ते ८८१०. सिग्नल टीसीपी ४४३ आणि बाहेर जाणारं यूडीपी मोकळं मागतं. मेसेज आल्याची सूचना उशिरा येत असेल तर अँड्रॉइडसाठी टीसीपी ५२२८ ते ५२३० आणि ॲपलच्या फोनसाठी ५२२३ बघायला सांगा. कंपन्या हे क्रमांक बदलतात, तेव्हा सहा महिन्यांनी यादी पुन्हा ताडून बघा.

एक गोष्ट ठामपणे सांगायची: हे सगळं आतून बाहेर जाण्यासाठी उघडायचं. आतून कुणी बोलायला सुरुवात केली की उत्तर आत घ्यायचं, हे फायरवॉल स्वतः लक्षात ठेवते. संगणकवाला ‘बाहेरून आत एक पोर्ट उघडून देतो’ म्हणाला किंवा फायरवॉलच बंद करू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. आपल्या संगणकावर बायांचे जबाब आहेत.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आले ते बोलते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतं. सिग्नलवरचंही असतं. फायरवॉलला शब्द कळत नाहीत. पण कुठलं यंत्र, किती वाजता, कुठल्या पत्त्याशी, किती वेळ जोडलेलं होतं, हे तिच्या नोंदीत राहू शकतं. आणि कॉल थेट जोडला गेला तर दोन्ही फोनना एकमेकांचा इंटरनेटचा पत्ता मिळतो. निवारागृहातली कार्यकर्ती समझोत्याच्या बोलण्यासाठी तिथूनच नवऱ्याला कॉल करते, तेव्हा निवारागृहाचा हा पत्ता त्याच्या फोनपर्यंत पोचतो. त्यावरून घर सापडत नाही, पण इंटरनेट कंपनी आणि बहुतेक वेळा शहर कळतं. लपून राहिलेल्या बाईसाठी तेवढंही फार आहे. सिग्नलमध्ये सगळे कॉल सर्व्हरमार्गे नेण्याची सोय आहे, व्हॉट्सॲपमध्ये ती २०२३ मध्ये आली. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये, ‘प्रगत’खाली शोधा आणि केंद्राच्या प्रत्येक फोनवर चालू करा. आवाज थोडा खालावतो, खालावू दे. मात्र मग सगळी भिस्त मधल्या सर्व्हरवर येते, म्हणून ३४७८ उघडा असणं आणखीच गरजेचं.

राउटरचा पासवर्ड कुणाकडे आहे? केंद्र कॉलेजच्या, इस्पितळाच्या किंवा एखाद्या ट्रस्टच्या इमारतीत असेल तर तो त्यांच्याकडे असतो आणि नोंदीही तेच वाचू शकतात. त्यांना लेखी पत्र द्या: हे पोर्ट हवेत, नोंदी कोण बघतं ते कळवा, त्या किती दिवस ठेवता तेही कळवा. तोंडी विनंतीवर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. आणि तो माणूस येईल तेव्हा कार्यालयातल्या एकुलत्या एका पुरुषाशी बोलायला लागेल. तुम्ही खुर्ची ओढून मध्ये बसा.

भेटायला आलेल्या बाईला कार्यालयाचा वायफाय देऊ नका. तिच्या फोनवर कुणी पाळतीचं ॲप टाकलं असेल, याची तिलाही कल्पना नसते. पाहुण्यांसाठी वेगळा वायफाय करून घ्या, बहुतेक राउटरमध्ये तशी सोय असते.

उद्या केंद्रात गेलात की तपासून बघा. एकीने कार्यालयाच्या वायफायवर राहायचं, दुसरीने बाहेर जाऊन मोबाइल डेटावरून कॉल करायचा. पाच मिनिटं बोला, दोघींना ऐकू येतं का ते बघा. मग आतलीने वायफाय बंद करून डेटावरून तोच कॉल पुन्हा करा. डेटावर नीट चालला आणि वायफायवर अडला, तर दोष बाईच्या नेटवर्कचा नाही. तारीख, वेळ लिहून ठेवा, पत्रासोबत तो कागद जोडता येईल.