शिवकालीन पोषाख आणि हातचे काम



शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपली मुले मावळे होतात, हे पाहून कोणाचे मन प्रसन्न होणार नाही? परंतु तो वेश बहुधा भाड्याचा असतो व दुसऱ्या दिवशी परत जातो. ज्यांस भाडे परवडत नाही, त्यांची मुले कडेला उभी राहून मिरवणूक पाहतात.

मुलांनी हा वेश स्वतः घडवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. बाराबंदी शिवताना गुंडीवाचून केवळ बंदांनी ती अंगास कशी बसते, हे उमगते. बोरू तासून मोडी लिहू लागले, म्हणजे आधी ओळभर रेघ ओढून मग शक्यतो हात न उचलता लिहिण्यातील सोय कळते. शिवण जाणणाऱ्या आजीबाई आणि फेटा बांधणारे वृद्ध आपल्या घरांत अद्याप आहेत. ही विद्या त्यांच्याबरोबर लोपू देऊ नये.

राजमाता जिजाऊंचा जन्म १५९८ साली आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथे झाला. तेथील १२ जानेवारीच्या जन्मोत्सवास नांदुऱ्याची मुले हातच्या पोषाखात जावीत, आणि त्यांत एकही मूल मागे राहू नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.